स्वयंपाकघराच्या खिडकीतलं डुक्कर

नॉर्डबी, मिनेसोटा
ऑगस्टचा शेवटचा रविवार, चर्चहून आल्यावर

ती. आर्लिसताईंना ऑर्विनचा नमस्कार. वाकून केला आहे असं समजा. खरोखर वाकलो असतो तर परत वर येऊन पत्र लिहिणं जमलं नसतं.

तुमचा नवा गुडघा काय म्हणतो? जिना चढू देतो की अजून रुसलेला आहे? आमचा शेजारी पामर रोज तुमची चौकशी करतो. (तुम्ही त्याला आमच्या लग्नात पाहिलंय. जो भाषणाला उभा राहिला आणि 'बरं झालं' एवढंच बोलून खाली बसला, तोच.) इकडे सगळं ठीक आहे. मका माझ्या टोपीच्या वर गेला. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय. टोमॅटो सगळे एकदमच पिकले आणि खिडकीत, टेबलावर, पियानोवर, जिथे जागा मिळेल तिथे बसलेत. बरण्यांत भरून ठेवायची विद्या या घरात एकाच माणसाला येते आणि ते माणूस सध्या तुमच्याकडे आहे.

आता आधीच सांगून टाकतो, लॅव्होन परत कधी येणार हे विचारायला मी हे पत्र लिहीत नाहीये. बहिणीच्या गुडघ्यासाठी बहिणीनं नाही जायचं तर कुणी? मे महिन्यात 'दोन आठवडे जाऊन येते' म्हणून निघाली, तेव्हा लायलॅक फुलायची होती. ती फुलली, गळली, जत्रा झाली, आता शाळेच्या बसही सुरू होतील. होऊ देत. माझं काही म्हणणं नाही. फक्त निघताना ती एक वाक्य बोलून गेली आणि ते माझ्या डोक्यात असं काही अडकून बसलंय की त्यापायी या उन्हाळ्यात मी काय काय उद्योग केले ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पामरला सांगून उपयोग नाही, निम्म्या उद्योगांत तोच होता.

झालं असं. डुलुथहून तुम्ही तिला न्यायला पाठवलेल्या गाडीत तिची बॅग मी ठेवली. ती पुढे बसली, पट्टा लावला, काच खाली केली आणि माझ्या खांद्यावरून अंगणात बघत म्हणाली, "त्या डुकराचं तोंड बघत भांडी घासायला मी काही परत येत नाही, ऑर्विन." आणि काच वर. गेली.

हे थट्टेनं म्हणाली की खरं, ते मला कळलं नाही. इतकी वर्षं संसार केला आणि एवढं कळू नये म्हणजे कमाल झाली, असं तुम्ही म्हणाल. पण ताई, तुम्ही तिच्या थोरल्या बहीण, तुम्हीच सांगा, थट्टेत आणि रागात तिचा चेहरा कधी वेगळा दिसलाय? तुमचं सगळं घराणंच तसलं. तुमचे वडील गोठ्याला आग लागली तेव्हा आणि मी लॅव्होनला मागणी घातली तेव्हा, दोन्ही वेळा एकाच चेहऱ्यानं उभे होते. मी तर आधी वेगळाच अर्थ काढून निघून चाललो होतो. तुमच्या आईनं फाटकापर्यंत येऊन मला परत नेलं आणि जेवायला बसवलं.

डुक्कर म्हणजे आमची गॅसची टाकी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या रस्त्याला सगळ्यांकडे आहे. गॅसची पाइपलाइन गावापर्यंत आली आणि तिथून पुढे यायचं काही तिच्या मनात आलं नाही, म्हणून आम्ही शेतावरची माणसं टाकीवर जगतो. पांढरी, लांबोडकी, आखूड पायांवर उभी, पाठीवर झाकणाचा कुबड. बाकीच्यांच्या टाक्या घरामागे आहेत. आमची स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे, अगदी मधोमध, फोटो काढायला बसवल्यासारखी. तिथे ती मीच बसवली. आधीची छोटी टाकी गोठ्यामागे असायची. मोठ्या हिमवादळाच्या वर्षी गॅसचा ट्रक तिथवर पोचेना, त्याच्या ड्रायव्हरनं आणि मी जेवणाची सुट्टी न घेता फावड्यानं वाट काढली. तेव्हाच मी ठरवलं की पुढची टाकी अशी ठेवायची की ट्रकनं घराकडे येणाऱ्या गल्लीत उभं राहून नळी फेकली की काम झालं. वसंतात कंपनीची माणसं नवी टाकी घेऊन आली, तेव्हा लॅव्होन तुमच्या आईकडे होती, आमच्या कारिनच्या वेळच्या बाळंतपणाला. मी बोट दाखवलं, त्यांनी ठेवली. पोरीला दुपट्यात घेऊन लॅव्होन परत आली, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "वेगळंच आहे हं."

आपल्याकडे 'वेगळंच आहे हं' याचा अर्थ काय होतो ते मी तुम्हाला काय सांगायचं! पाद्रीबाईंनी मीठ विसरून केलेल्या बटाट्याच्या पोळीलाही आपण तेवढंच म्हणतो. म्हणजे याहून मोठी शिवी नाही. पण मी तेव्हा तरुण होतो आणि गॅस भरून झाला होता, म्हणून मी ते कौतुक समजून घेतलं.

तर ती गेल्यावर मी ठरवलं, डुक्कर झाकायचं. टाकी नाही दिसली की तक्रार नाही आणि तक्रार नाही तर… असो. गावातल्या रोपवाटिकेत गेलो आणि मोरपंखीची रोपं आणली. माझ्या कमरेइतकी, हिरवीगार, इतकी टुमदार की पिकअपमध्ये मागे बसवून आणताना समोरून येणारे लोक हात करत होते. ती मी टाकीला अगदी चिकटून लावली. मोकळी जागा ठेवली तर झाकलं काय? काम झाल्यावर खुर्ची घेऊन समोर बसलो. पांढरं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी स्वतःवर इतका खूश झालो की पामरला फोन करून बोलावलं आणि पामर इतका खूश झाला की "वाईट नाही" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उन्हाळ्याचा गॅस भरायला ट्रक आला. या वर्षीपासून आमच्या मार्गावर ट्रूडी असते. ट्रूडी टेक्सासची आहे. (लग्न करून इकडे आली, नवरा गेला, ती राहिली.) आवाज असा की गोठ्यातल्या मांजरी कोठारात पळतात. ती नळी ओढत आली, झाडांपुढे थांबली आणि ओरडली, "आजोबा, टाकी कुठे लपवलीत?" मी अभिमानानं बोट दाखवलं. तिनं झाडांत हात घातला, मग डोकं घातलं, मग अर्धी ट्रूडी आत गेली आणि आतून बोलली ते मी इथे लिहीत नाही, कारण हे पत्र रविवारी लिहितोय. मतलब असा की झाकण उघडता आलं पाहिजे, नळी जोडता आली पाहिजे, चारी बाजूंनी माणूस फिरला पाहिजे आणि वाळली की काडीसारखी पेटणारी वस्तू गॅसच्या टाकीला मिठी मारून उभी करायची नसते. "हलवा नाहीतर हिवाळ्यात थंडीनं मरा," एवढं प्रेमानं बोलून तिनं कसाबसा गॅस भरला. मी रोपं उपटली आणि लांबवर, गल्लीची बाजू मोकळी सोडून लावली. चिकटून होती तोवर हरणांना ती टाकीच वाटत असावीत. लांब लावल्यावर त्यांना जेवण दिसलं. सकाळी उठून बघतो तो मोरपंखीच्या ठिकाणी नुसत्या काठ्या, आणि एक हरिणी टाकीच्या सावलीत पाय दुमडून बसलेली, आजीबाईसारखी. मी हुसकलं तर उठली सुद्धा नाही.

त्या हरिणीला तिथे पाहिलं आणि मला एकदम कारिनची आठवण झाली. कारिन आणि लार्स दोघंही त्या टाकीवरच वाढली. कारिननं तिला हिल्डा नाव ठेवलं होतं. पाठीवर जुनी गोधडी टाकून, दोरीचा लगाम बांधून दोघं तिच्यावर बसून कॅलिफोर्नियाला जायची आणि जेवायच्या वेळेला परत यायची. लॅव्होन खिडकीतून ओरडायची, "कुठवर पोचलात?" कारिन सांगायची, "डोंगर लागले!" मग लॅव्होन म्हणायची, "डोंगर ओलांडायच्या आधी हात धुऊन घ्या." आता कारिन खरोखरच कॅलिफोर्नियात आहे आणि जेवायला येत नाही. लार्स शिकागोला आहे, तो फोन करतो, पण त्याला घाईच असते.

पुढची कल्पना पामरची. तो म्हणाला, झाकू नकोस, रंगव. पलीकडच्या तालुक्यात कुणी तरी आपली टाकी मक्याच्या कणसासारखी रंगवली आहे, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. मला फोटो नको होते, मला टाकी दिसायला नको होती. म्हणून मी गर्द हिरवा रंग आणला, गवतात गवत होऊन जाईल असा. दोघांनी मिळून रंगवली. पामर एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, मध्ये एक शब्द नाही, फार छान दिवस गेला. टाकी खरंच दिसेनाशी झाली. मी स्वतःच तिला अडखळून पडलो.

मग जुलैतला तो भाजून काढणारा आठवडा आला. गडद रंग ऊन पितो, टाकी तापते, आतला गॅस फुगतो हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं कळलं की दुपारी मी आणि पामर ओट्यावर कॉफी पीत बसलो असताना डुक्कर शिट्टी वाजवायला लागलं. आधी मी म्हटलं चुलीवर किटली राहिली. पामर म्हणाला, "तुझ्या चुलीवर काही नाहीये." मग दोघांनी टाकीकडे पाहिलं. ताई, पाचावर धारण बसणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. हा पामर, जो नांगरसुद्धा सावकाश चालवतो, तो माझ्या आधी सोयाबीनमध्ये पोचला. दोघं सरींत पालथे पडलो. मी तिथूनच ट्रूडीला फोन लावला. ती म्हणाली, जास्तीचा दाब सोडायची झडप उघडली आहे, ती तिचं काम करतेय, काडी ओढू नका, लांबून पाणी मारा. मग आम्ही बागेची नळी ओढून, गाईला घाबरत घाबरत आंघोळ घालावी तसं त्या टाकीला पाणी घालत बसलो. शिट्टी थांबली. पामर चिखलानं माखलेला, टोपी हरवलेली, उभा राहिला आणि बराच विचार करून म्हणाला, "वेगळंच होतं हं."

ट्रूडीनं दुसऱ्या दिवशी येऊन मला ओट्यावर बसवून जे ऐकवलं ते तुमच्या वडिलांनीही मला कधी ऐकवलं नव्हतं. पांढरी ती पांढरी का असते हे मला आता तोंडपाठ आहे. पुन्हा पांढरा रंग दिला. या वेळी पामर आला नाही, त्याची कंबर धरली होती. एकटाच घासत, रंगवत बसलो. आणि खरं सांगतो, त्या दुपारी फार एकटं वाटलं. कान गोठवणाऱ्या बर्फाचा एक जानेवारी महिना आठवला. रस्ते बंद, ट्रक येईना, टाकीवरचा काटा गोठून बसलेला, गॅस किती उरलाय देव जाणे. आम्ही चौघं स्वयंपाकघरातच मुक्कामाला होतो. रोज सकाळी लॅव्होन माझा कोट घालून उकळत्या पाण्याची किटली घेऊन बाहेर जायची, टाकीच्या अंगावरून पाण्याची धार सोडायची, मग हातमोजा काढून पोटावरून हात फिरवत खाली खाली यायची. जिथे अंग एकदम गार लागेल तिथवर गॅस. आम्ही तिघं काचेला नाकं लावून बघत असायचो. ती तिथूनच ओरडायची, "आहे अजून!" रोज थोडं खालून ओरडायची, पण 'आहे अजून' तेच. पोरांना वाटायचं ती जादू करते. मलाही तसंच वाटायचं, मी फक्त बोललो नाही. नाताळात त्या टाकीला दिव्यांची माळ तीच घालायची, झाकणावर लाल लोकरी टोपी तीच चढवायची. आता सांगा, असं करणारी बाई तिला डुक्कर म्हणते ते मायेनं की रागानं? मी रंगाचा ब्रश हातात घेऊन हाच विचार करत बसलो आणि माझा निम्मा रंग वाळून गेला.

शेवटी म्हटलं, सुतारकाम. ते मला येतं. जुन्या कोठाराच्या फळ्या काढल्या, करड्या पडलेल्या, छान. ट्रूडीला फोन करून अंतर विचारून घेतलं (तिला आता माझा नंबर पाठ आहे, उचलल्या उचलल्या 'आता काय केलंत?' असं विचारते), आणि घराच्या बाजूला तीन तुकड्यांची उंच, दाट जाळी उभी केली. गल्लीची बाजू उघडी, नळी येते, वारा खेळतो, ट्रूडी येते, सगळे खूश. ऊन-वाऱ्यानं टिकेल, हरणं खाणार नाहीत, शिट्टी वाजणार नाही. आयुष्यात केलेल्या चांगल्या कामांत मी ती जाळी धरतो. पामरनं तिच्याकडे खूप वेळ बघून "चालेल" म्हटलं. म्हणजे त्याला रडूच फुटायचं बाकी होतं.

मग मी आत गेलो, लॅव्होनच्या जागेवरून कसं दिसतं ते बघायला. तिच्या जागी मी कधी उभाच राहिलो नव्हतो. (भांडी मी आता घासतो, पण बाहेरच्या ओट्यावर, बादलीत. तिच्या सिंकला हात लावायला का कोण जाणे धीर होत नव्हता.) नळ सोडला, एक ताटली घेतली, मान वर केली. समोर जाळी. सुरेख, सरळ, करडी. डुक्कर नाही. आणि गल्ली पण नाही. कोठार नाही, वळण नाही, शेताचा रस्ता नाही.

मी तिथे ताटली धरून उभा राहिलो. ताई, इतकी वर्षं मी शेतावरून ट्रॅक्टर घेऊन त्या वळणावर आलो, की दारात पाय टाकेपर्यंत टेबलावर कॉफी ओतलेली असायची, नुकतीच, वाफेसकट. मी कधी विचारलं नाही ही कसं जमवते. मला वाटायचं कॉफी तशीच असते. ती त्या डुकराच्या पाठीवरून मला येताना बघत होती. डुकराचं तोंड बघत नव्हती, किंवा बघत असेल, पण त्याच्या मागे माझं होतं. आणि मी जीव तोडून, चांगल्या फळ्या वाया घालवून, ते झाकून टाकलं.

मधला तुकडा मी त्याच संध्याकाळी काढला. आता एक तुकडा इकडे, एक तिकडे आणि मध्ये डुक्कर, नाटकाचा पडदा उघडल्यासारखं.

चार दिवसांपूर्वी ट्रूडी झडप तपासायला आली, तेव्हा मी तिला ओट्यावर बसवून ऱ्हुबार्बचा केक पुढे केला. (चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेला. बायको घरात नसलेल्या माणसाला इथे उपाशी मरायची मुभा नाही.) मी म्हटलं, "घेणार का थोडा?" आणि ताई, तिनं घेतला! पहिल्यांदा विचारल्यावर! मी अजून बशी नीट पुढे केली नव्हती. मी बघतच राहिलो. ती म्हणाली, "काय झालं?" मी समजावून सांगितलं की आमच्याकडे पहिल्यांदा 'नको नको' म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा 'अहो खरंच नको, उगाच तुम्हाला त्रास' म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी छोटा तुकडा' म्हणून मोठा घ्यायचा असतो. ती घास गिळून म्हणाली, "आणि समोरच्यानं तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?" मी म्हटलं, असं होत नाही. विचारतातच.

आणि हे बोलता बोलता मी बशी खाली ठेवली. कारण लॅव्होनचा जूनमध्ये फोन आला होता. म्हणाली, "आर्लिस आता बरी चालते, येऊ का घरी?" मी म्हटलं, "छे छे, माझं काय अडलंय, राहा तू." मग जुलैत आला. म्हणाली, "येते म्हणते मी." मी म्हटलं, "उगाच धावपळ नको, इथे सगळं ठीक आहे, बहिणीला तुझी गरज आहे." आणि तेव्हापासून मी तिसऱ्या फोनची वाट बघतोय. फोन येतात, हवापाण्याचे येतात, टोमॅटोचे येतात. तो येत नाही. मी सभ्यपणानं दोनदा नको म्हटलं आणि तिकडे ती बाई खरंच समजून बसली की मला नको आहे! की तीही सभ्यपणानंच गप्प बसली आहे? तुम्ही एका टेबलाशी जेवता, तुम्हाला काही दिसतं का? की तुमच्याही चेहऱ्यावरून तिला काही कळत नाही?

हे सगळं मी ट्रूडीला सांगितलं, का कोण जाणे, समोर केक असला की माणूस बोलतो. तिनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हीच तिला का नाही विचारत, ये म्हणून?" मला हे सुचलंच नव्हतं, ताई, देवाशपथ. ये म्हणून विचारायचं म्हणजे काय, घर तिचं आहे. स्वतःच्या घरी ये असं कुणाला कोण म्हणतं? पण ट्रूडी निघून गेल्यावर मी तीन दिवस फोनजवळ फिरलो आणि फोन उचलला की तोंडून फक्त हवापाणी निघतं. लिहिताना मात्र माझी जीभ सैल सुटते, ते तुम्ही बघताच आहात. म्हणून हे पत्र.

बाकी क्षेम. गुडघ्याला जपा. पायऱ्या बसून उतरायच्या असतील तर खुशाल उतरा, लाज कसली. पामरचा नमस्कार. (म्हणजे त्यानं मान हलवली.)

आपला मेहुणा,
ऑर्विन

ता. क. : एक सांगायचं राहिलं. ट्रूडी जाता जाता म्हणाली की टाकी कुठेही हलवता येते. कंपनीचा ट्रक येतो, साखळी बांधतो, उचलतो, तुम्ही दाखवाल तिथे ठेवतो, सकाळभरात काम होतं. फक्त कुणी तरी जागा दाखवायला हवं. मागच्या वेळी मी दाखवली होती आणि काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा लॅव्होनला विचारा, कुठे हवी? पण हे पत्रातून नीट सांगता येणार नाही, माणसानं अंगणात उभं राहून बोट दाखवावं लागतं.

ता. क. दुसरा : वरचं पान बहाणा आहे. ताई, आता हा कागद तिच्या हातात द्या आणि तुम्ही जरा तुमचा गुडघा घेऊन दुसऱ्या खोलीत जा. लॅव्होन, घरी ये.

ता. क. तिसरा : तू म्हणाली असशील, "नको नको, आर्लिसला अजून जिना जमत नाही." बरोबर आहे तुझं. घरी ये.

ता. क. चौथा : आता म्हणत असशील, "अरे खरंच नको, तुला उगाच गाडी काढून डुलुथपर्यंत त्रास." मी पिकअपमध्ये पेट्रोल भरून ठेवलंय आणि मागची सीट झाडली आहे. हे तिसऱ्यांदा विचारणं. घरी ये. तिसऱ्याला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

ता. क. पाचवा : म्हणालीस तर मी चौथ्यांदा विचारीन. अख्ख्या नॉर्डबीत असं कुणी केलेलं नाही, पाद्रीबाई काय म्हणतील ते म्हणू देत, पामरला तर माझ्याकडे बघवणार नाही. शनिवारी सकाळी आर्लिसच्या दारात येतो आणि तोंडानं विचारतो, तिच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तू फक्त बॅग भर.